'धंद्याला शिक्षण कशाला?' हे फक्त मुलींनाच का ऐकवलं जातं?



यंदा दशलक्षण पर्वात, सहाव्या दिवशी, आमच्या मंदिराच्या सभागृहात दुपारी महिला मंडळानं एक शिबिर ठेवलं होतं. विषय 'घरबसल्या ऑनलाइन व्यवसाय'. सकाळी अभिषेक-पूजा झाली होती, तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय वाचून झाला होता. एकाशनाच्या बायका जेवून, उपवासाच्या तशाच, अशा आम्ही सत्तर-ऐंशी जणी सतरंजीवर दाटीवाटीनं बसलो होतो. बाहेरगावाहून आलेले वक्ते उभे राहिले आणि त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, "ताई, तुमचं शिक्षण किती ते विसरून जा. ऑनलाइन धंद्याला डिग्री लागत नाही. मोबाईल लागतो आणि हिंमत लागते."

टाळ्यांचा कडकडाट. मीही वाजवल्या. मी बारावी पास. लग्नानंतर पुढं शिकायचं राहूनच गेलं, तरी गेली सहा वर्षं भाजणी, मेतकूट, नाचणीचे पापड असा माझा छोटा व्यवसाय चाललाय. त्यामुळं ते वाक्य मला माझंच कौतुक वाटलं. शेजारी बघितलं तर थोरल्या जाऊबाईही टाळ्या वाजवत होत्या. त्यांच्या पलीकडं बसलेली त्यांची लेक, म्हणजे माझी पुतणी, मात्र गप्प बसून सतरंजीची दशी ओढत होती.

का, ते संध्याकाळी कळलं. सूर्यास्ताआधीचं जेवण उरकून आम्ही दोघी जावा भांडी आवरत होतो. जाऊबाई म्हणाल्या, "ऐकलंस ना आज? मी हेच यांना सांगत होते. पोरगी घरबसल्या कमावतीय. आता शेवटच्या वर्षाची फी कशाला भरायची?"

पुतणी बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिचं इन्स्टाग्रामवर पेज आहे, पूजेच्या साड्यांचं. रेशीम अजिबात नसलेल्या साड्या. कोशातल्या किड्याचा जीव घेऊन काढलेलं रेशीम नेसून देवापुढं उभं राहायचं नाही, असं वाटणाऱ्या आपल्यात पुष्कळ जणी आहेत. त्यांना सणासुदीला नेसण्यासारखी सुती साडी मिळत नव्हती, हे या पोरीनं हेरलं. विणकराकडून सुताची खात्री लेखी घेते, मग साडी पेजवर टाकते. हंगामात महिन्याला साठ-सत्तर साड्या जातात. अभिमान वाटावा असंच आहे. आणि या अभिमानाचा शेवट कशात झाला, तर कॉलेज बंद करण्यात!

तिचा भाऊ इंजिनिअरिंगला आहे. दुसऱ्या वर्षाचे विषय दोनदा राहिलेत. त्याची फी मात्र त्याच आठवड्यात भरली गेली. मी विचारलं तर अण्णा, म्हणजे माझे थोरले दीर, म्हणाले, "त्याचं वेगळं आहे. त्याला डिग्री लागणार."

जाऊबाई हा ब्लॉग वाचतात. वाचू देत. जे इथं लिहितेय ते त्यांच्या तोंडावर बोलून झालेलं आहे.

आता मुद्द्यावर येते. 'धंद्याला शिक्षण लागत नाही' हे वाक्य आपल्या समाजात नवं नाही. आपली जात व्यापाराची. चौथी पास आजोबांनी पेढी उभी केली, सातवी पास काकांनी तिचं होलसेल केलं, अशा गोष्टी घरोघरी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. अदानींनी कॉलेज अर्धवट सोडलं, हे तर आपल्याकडं लग्नाच्या पंगतीतही ऐकायला मिळतं. पण मला सांगा, ते चौथी पास आजोबा चौथीनंतर काय करत होते? दहाव्या-अकराव्या वर्षी गादीवर बसले. शेजारी मुनीम होता, पुढ्यात रोजमेळ आणि खतावणी होती. कुणाला उधार द्यायचं, कुणाला नाही, हुंडी म्हणजे काय, मापात कुठं मारतात, अडत्याशी कसं बोलायचं, हे रोज बारा-बारा तास, दहा वर्षं शिकले. चूक झाली तर वडिलांनी कान पिळला, नुकसान मात्र पेढीनं सोसलं. ही शाळाच झाली की! नुसती पाटी नव्हती दारावर. त्या शाळेत शिकलेल्याला आपण 'अशिक्षित असून यशस्वी' म्हणतो आणि त्याच्या नावावर घरातल्या पोरीचं कॉलेज बंद करतो.

कारण त्या गादीवर पोरीला कुणी बसवलं होतं का? आजोबांच्या बहिणीला? माझ्या आत्याला? मला? आमचं दुकान खतांचं. लग्न होऊन चोवीस वर्षं झाली, पण गल्ल्यामागच्या खुर्चीवर मी बसले ती फक्त पाडव्याच्या पूजेला, फोटोपुरती. मुलगा कॉलेज सोडून आला तर त्याला दुकान आहे, काका आहेत, ओळखीचे सीए आहेत, बापाच्या नावावरची पत आहे. मुलगी कॉलेज सोडून आली तर तिला एक मोबाईल आहे. अनोळखी माणसांत बसून व्यवहाराची भाषा शिकण्याची एकच जागा तिला मिळते, ती म्हणजे वर्ग. तिची गादी तीच. ती काढून घेऊन तिला 'हिंमत ठेव' म्हणायचं?

माझीच गोष्ट सांगते. ती सांगायला लाज वाटते, म्हणून आजवर लिहिली नव्हती.

२०१९ मध्ये मी अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी केली. तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरायची, फी वर्षाला १०० रुपये. चौदा आकडी नंबर आला, तो पाकिटावर छापला आणि मला वाटलं, झाले मी उद्योजिका. दोन वर्षं गावातच विकलं, बरं चाललं. २०२१ च्या दिवाळीआधी एका मोठ्या ऑनलाइन बाजारावर माल टाकायचं ठरलं. नाव सांगत नाही, नावाचं काही नाही. त्या वेळी अशा ठिकाणी विकायचं तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नंबर लागायचाच. आता १ ऑक्टोबर २०२३ पासून, आपल्याच राज्यात माल विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना त्यातून सूट आहे. पण तेव्हा नव्हती. आमचे हे म्हणाले, "दुकानाचा नंबर आहे की, तोच घाल." घातला. बँक खातंही दुकानाचंच. करार अकरा पानांचा, इंग्रजी. भाच्यानं भराभर बोट फिरवलं आणि शेवटी 'मान्य' दाबलं.

अर्धा किलो भाजणीचं पाकीट १८० रुपयांना लावलं. सामान, दळण, पिशवी, लेबल मिळून मला ९५ रुपये खर्च यायचा. माझा हिशेब सोपा, पाकिटामागं ८५ सुटतात. दिवाळीत मागणी एवढी आली की मी पहाटे चारला उठून भाजत होते. सामायिकसुद्धा चुकायची, खोटं कशाला बोलू? तीन महिन्यांत ३४० पाकिटं गेली. लोक पाच चांदण्या देत होते. मंडळात माझा सत्कार झाला, नारळ आणि शाल.

पुतणी तेव्हा अकरावी कॉमर्सला होती. तिला पुस्तपालनात 'बँक जुळवणी पत्रक' नावाचा धडा होता. आपल्या वहीतली नोंद आणि बँकेच्या पासबुकातली नोंद यांत फरक का पडतो, तो शोधून दोन्ही जुळवायच्या. तिला सरावाला खरं पासबुक हवं होतं. म्हणाली, "काकू, तुझ्या भाजणीचं करू का?" मी म्हटलं कर. एक संध्याकाळ ती दुकानाचं पासबुक, त्या बाजारानं मेलवर पाठवलेली पत्रकं आणि वही घेऊन बसली. रात्री माझ्याजवळ आली. चेहरा पडलेला.

"काकू, तुला पाकिटामागं १८० मिळतच नाहीत. ९१ मिळतात."

बाजाराची दलाली २२ रुपये, दर पाकिटामागं ठरावीक आकार १५, कुरिअरचे ५२. झाले ८९. हातात ९१. माझा खर्च ९५. म्हणजे प्रत्येक पाकिटाला मी पदरचे चार रुपये घालत होते. ३४० पाकिटांचे १,३६०. शिवाय परत आलेली पाकिटं वेगळीच, ती पुन्हा विकता येत नाहीत. माझ्या पहाटेच्या कष्टांची किंमत तर मी धरलीच नव्हती. आणि हे सगळं त्या अकरा पानांत लिहिलेलं होतं. फसवणूक कुणी केली नाही. पैसे दर आठवड्याला दुकानाच्या खात्यात एकत्र जमा व्हायचे, खताच्या पैशांत मिसळायचे, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. जितकं जास्त विकलं तितकं जास्त बुडाले, आणि वर शाल पांघरून घेतली.

आता म्हणाल, शेकडेवारी तर तुलाही येत होती, बारावी पास आहेस. येत होती. पण इंग्रजी पत्रक समोर आलं की माझा हात थांबायचा. 'हे आपलं काम नाही' असं आतून कुणीतरी म्हणायचं. पुतणीचा हात थांबला नाही, कारण तिला वर्गात रोज तेच करायला लावत होते. तिला पत्रकाची भीती नव्हती. एवढाच आमच्यात फरक होता, आणि त्या फरकानं माझा धंदा वाचला. तिनं सांगितलं म्हणून मी तो बाजार सोडला. एक किलोची पाकिटं केली, दोन पाकिटं एकत्र घेतली तरच बाहेरगावी पाठवायची असं ठरवलं, म्हणजे कुरिअरचा बोजा विभागला जातो. गिऱ्हाईक थेट व्हॉट्सअॅपवर. आज पाकीट कमी जातं, पण पैसा राहतो.

त्याच मुलीला आता सांगतायत, शिक्षण लागत नाही.

या गोष्टीचं शेपूट अजून आहे. गेल्या वर्षी मला भाजायचं मोठं यंत्र घ्यायचं होतं. मुद्रा योजनेतल्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, म्हणून बँकेत गेले. साहेबांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या नावावर उलाढाल कुठं दिसते?" कुठंच नव्हती. ऑनलाइन विकलेलं सगळं दुकानाच्या नंबरवर, दुकानाच्या खात्यात. पाच वर्षं राबून कागदावर मी कुणीच नव्हते. यात आमच्या ह्यांचा काही डाव नव्हता हो! सोयीचं म्हणून झालं. पण बाईच्या बाबतीत सोयीचं म्हणून जे होतं, ते नेमकं तिचं नाव गाळूनच का होतं?

सही कुठं करायची, नाव कुणाचं घालायचं, पासवर्ड कुणाकडं ठेवायचा, कोणत्या नंबरवर ओटीपी येणार, हे प्रश्न हिंमतीचे नाहीत. वाचता येण्याचे आहेत. वाचणं म्हणजे अक्षर ओळखणं नव्हे. २००१ च्या जनगणनेत जैनांची साक्षरता ९४.१ टक्के निघाली, आपल्या स्त्रियांची ९०.६. देशातल्या सगळ्या धर्मांत पहिला नंबर. आपण तो आकडा प्रत्येक संमेलनात सांगतो. त्या ९०.६ टक्क्यांत मीही होते आणि करार भाच्यानं वाचला. तोही न वाचताच.

वक्त्यांकडं पुन्हा येते. तासाभरानं त्यांनी पडद्यावर आपला कोर्स दाखवला. तीन दिवसांचा, १४,९९९ रुपये, आजच नाव दिलं तर ९,९९९. म्हणजे शिक्षण लागत नाही हे शिकायला दहा हजार! बी.कॉम.ची वर्षाची फी त्याहून कमी आहे. अकरा जणींनी नावं दिली. त्यांतल्या दोघींनी नंतर मला विचारलं, "वहिनी, लेबलवर काय काय छापायचं ते तिथं शिकवतील ना?" मी म्हटलं, त्या पडद्यावर तरी मला ते दिसलं नाही. तिथं होतं 'मानसिकता', 'ब्रँड' आणि 'पॅशन'.

लेबलवर काय छापायचं ते मीच सांगते, फुकट. पदार्थाचं नाव, घटक उतरत्या क्रमानं, निव्वळ वजन, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत चांगलं राहील ती तारीख, पोषणमूल्यं, किंमत, तुमचा पत्ता आणि संपर्क, चौदा आकडी नंबर आणि हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका. आणि हा ठिपका म्हणजे 'जैन' नव्हे, बरं का. कांदा, लसूण, बटाटा सगळं त्या ठिपक्यात बसतं. कंदमूळ नाही हे वेगळं छापा. निव्वळ वजन म्हणजे पिशवी सोडून वजन. आपल्याकडं अचौर्याच्या अतिचारांत कमी-जास्त मापं ठेवणं येतं, ते पाठशाळेत पाठ केलेलं आठवतं ना? ते इथं लागू होतं, पिशवीच्या सहा ग्रॅमला. आणि तारखेचं म्हणाल तर आपल्याइतकं तारखेचं कुणाला कळावं? पिठाची मर्यादा थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन, हे माझ्या सासूबाई कॅलेंडर न बघता सांगायच्या. म्हणून माझ्या पाकिटावर मी स्पष्ट छापते, 'व्रती व त्यागींच्या आहारासाठी नाही'. चार गिऱ्हाइकं त्यानं कमी झाली. होऊ देत.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. खाखऱ्यावर ५ टक्के होता, तो शून्य झाला. पाकिटबंद चकली-शेव-फरसाणावर १२ होता, तो ५ झाला. पापडावर आधीपासूनच नाही. आपल्या मंडळात खाखरे करणाऱ्या सहा जणी आहेत. त्यांतल्या ज्या नोंदणीकृत आहेत त्यांना हे कुणी सांगितलं? पुतणीनं. तिच्या वर्गात शिक्षिकेनं वर्तमानपत्र उघडून तोच तास घेतला होता. त्या तासाची फी भरायची नाही म्हणतात.

मला कुणी लिज्जतचं उदाहरण देईल, म्हणून आधीच उत्तर देते. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. फार शिकलेल्या नव्हत्या, खरं आहे. पण त्यांच्या पाठीशी छगनबाप्पा उभे होते आणि त्यांचा पहिल्यापासून आग्रह होता हिशेबाचा, चोख आणि सगळ्यांसमोर. सातजणी एकत्र होत्या, शिकवणारा घरचा होता, तोटा झाला तर सातांत वाटला जात होता. इन्स्टाग्रामवर पोरगी एकटी असते.

आणि हे ऑनलाइन बाजार उभे कुणी केले ते तरी बघा. फ्लिपकार्ट २००७ मध्ये सुरू करणारे दोघे बन्सल दिल्ली आयआयटीचे. घराघरातल्या बायका ज्यावर साड्या विकतात त्या मीशोचे दोघे संस्थापकही दिल्ली आयआयटीचे. नायका काढणाऱ्या फाल्गुनी नायर आयआयएम अहमदाबादच्या. म्हणजे बाजार बांधणारे शिकलेले, नियम लिहिणारे शिकलेले, दलाली ठरवणारे शिकलेले. त्या बाजारात चटई टाकून बसणारीला तेवढं शिक्षण नको! हा न्याय कुणाच्या फायद्याचा आहे, ते तुम्हीच बघा.

डिग्री असली की गिऱ्हाईक येतं, असं मी म्हणत नाही. माझी मावसबहीण एम.कॉम. आहे, तिनं काढलेलं मेणबत्त्यांचं पेज चार महिन्यांत बंद पडलं. फोटो कसा काढायचा, गिऱ्हाइकाला रात्री साडेदहाला उत्तर द्यायचं की सकाळी, हे कॉलेज शिकवत नाही. आणि तुमच्यातली कुणी सातवी शिकलेली, पंचेचाळिशीची असेल, तिनं हे वाचून हातातलं लाटणं खाली ठेवू नये. तिनं सुरू करावं, उद्याच करावं. ती मागचं बदलू शकत नाही, फक्त पत्रक वाचून देणारी एक शिकलेली पोर तिनं जवळ धरावी. माझं भांडण तिच्याशी नाही. ज्या पोरी आत्ता वर्गात बसल्यात, त्यांना चालत्या धंद्याचं निमित्त करून उठवलं जातंय, त्याविरुद्ध मी बोलतेय.

आपल्या धर्मात तर हे बसतच नाही. आदिनाथ भगवंतांनी प्रजेला सहा कर्मं शिकवली: असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य, शिल्प. क्रम बघा. मसि म्हणजे लेखन दुसरं, विद्या चौथी आणि वाणिज्य त्यानंतर. आणि लिपी आणि अंक त्यांनी पहिल्यांदा शिकवले कुणाला? भरताला नाही, बाहुबलीला नाही. मांडीवर बसवून ब्राह्मीला अक्षर आणि सुंदरीला अंक. मुलींना. व्यवहाराला जे दोन लागतात तेच दोन. पाठशाळेत ही गोष्ट सांगताना आपण मुलींना ब्राह्मी-सुंदरीचे वेष देऊन नाटक करतो, टाळ्या वाजवतो, आणि घरी आल्यावर फीचा कागद बाजूला सारतो.

शिबिराच्या दिवशी सकाळी सहावा अध्याय वाचला गेला, असं सुरुवातीला म्हटलं. त्यात ज्ञानावरणीय कर्म कशानं बांधलं जातं ते सांगितलंय. दुसऱ्याच्या ज्ञानात अंतराय आणणं हे त्यातलंच एक कारण. सकाळी ते ऐकलं आणि दुपारी त्याच सभागृहात टाळ्या वाजवल्या. मीही, सांगितलंच वर.

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच भागातले, कुंभोजचे, आपल्याच समाजातले. स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते. ओगल्यांचे कंदील विकले, किर्लोस्करांचे नांगर विकले. विक्रीचं कौशल्य बिनडिग्रीचंही असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्या माणसानं १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. त्यांच्या योजनेचं नाव 'कमवा आणि शिका'. अण्णांना मी हेच म्हटलं. कमवत्येय ना? मग शिकू द्या. त्यात 'आणि' आहे. अण्णा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "तू फार वाचतेस." मी म्हटलं, फार उशिरा वाचायला लागले, तेच दुखणं आहे.

जाऊबाईंची खरी भीती मला माहीत आहे, त्यांनी ती नंतर स्वयंपाकघरात हळूच सांगितली. पदवी झाली की पुढं एम.कॉम. म्हणेल, सीए म्हणेल, स्थळं येतात ती 'आमच्या मुलापेक्षा जास्त शिकलीय' म्हणून परत जातील. पेजचं मात्र बरं, 'घरी बसून कमावते' असं बायोडाटात लिहिता येतं. तेव्हा मला कळलं की धंद्याला शिक्षण लागतं की नाही, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. वक्त्याचं वाक्य त्यांना आयतं सापडलं होतं. त्या माऊलीचा मला रागही येत नाही, त्यांनाही सोळाव्या वर्षी असंच कुणीतरी उठवलं होतं. पण मी त्यांना विचारलं, "वहिनी, उद्या सासरच्यांनी पेज बंद कर म्हटलं तर? पेज बंद करता येतं. पदवी कशी बंद करतील?" त्यांनी कढईला उगाच दुसऱ्यांदा राख लावली.

मुंबईत मगनबाईंना तरुणपणी वैधव्य आलं तेव्हा वडिलांनी, शेठ माणिकचंदांनी, त्यांना कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं. पुढं त्यांनी श्राविकाश्रम चालवला. सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहांनी तेच काम केलं. ज्या बायकांना घरात पेढी नव्हती, आधार नव्हता, त्यांच्या हातात या दोघींनी आधी पुस्तक दिलं. शंभर वर्षांपूर्वी ज्यांना हे कळलं, त्यांच्या आपण नाती-पणती.

फी अजून भरलेली नाही. विलंब शुल्कासकट शनिवारी शेवटची तारीख आहे. यंत्र घेणं मी पुढं ढकललंय. भाजणीचं खातं आता माझ्या एकटीच्या नावावर आहे, त्यात तेवढे पैसे आहेत. जाऊबाईंना काल सांगून आलेय, तुम्ही भरलीत तर तो मान तुमचा, मला आनंदच आहे. नाही तर शनिवारी सकाळी अकराला मी पोरीला घेऊन कॉलेजच्या खिडकीवर उभी असेन. पावती तिच्या नावानं घेईन.